टायरच्या वीतभर वर पाहा : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, यांस



समृद्धी महामार्गावर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा 2023 मध्ये सुरू झाली, तेव्हा आपल्या विभागाने मार्गाच्या तोंडाशीच गाड्या थांबवून टायर तपासायला घेतले. घासून गुळगुळीत झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. थोडी कुरकुर झाली, पण काम योग्यच होते. हे पत्र त्याच कामाच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. निरीक्षक टायरवर बॅटरीचा झोत मारतात, तोच झोत वीतभर वर नेला की चाकाच्या आतल्या बाजूला एक काळे नळकांडे दिसते. गॅरेजमध्ये त्याला शॉकअप म्हणतात. टायर वेळेआधी झिजण्यामागे पुष्कळदा त्याचाही हात असतो आणि नेमके तेच तपासणीतून सुटते.

पत्र खुले ठेवण्याचे कारण साधे आहे. यातला अर्धा मजकूर आपल्यासाठी असला तरी उरलेला अर्धा गाडीच्या मालकाने वाचावा असा आहे.

शॉकअपबद्दलचा पहिला गैरसमज असा की तो गाडीचे वजन पेलतो. वजन पेलते ती स्प्रिंग, किंवा बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या बाजूला असतात ते पाटे. खड्ड्याचा धक्काही आधी स्प्रिंगच खाते. पण दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, उसळून पुन्हा दबते, आणि तिला आवरले नाही तर गाडी हा खेळ बराच वेळ चालू ठेवते. तिला आवरणे हे शॉकअपचे काम. नळीत तेल असते, तेलात दट्ट्या फिरतो, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा असतात. बारीक सुईतून दाट औषध ढकलताना सिरिंज जशी हाताला अडते, तसे ते तेल दट्ट्याला अडवते. उसळीतली ताकद तेल तापवण्यात खर्च होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. तेलाला फेस येऊ नये म्हणून हल्लीच्या बहुतेक शॉकअपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो. सील झिजले की तेल बाहेर पडते आणि झडपा थकल्या की तेल असूनही अडवणूक होत नाही. दुसऱ्या प्रकारात बाहेरून काहीच दिसत नाही, ही खरी पंचाईत.

छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने ही रचना 1940 च्या दशकात आखली. 1950 मध्ये ब्रिटनच्या फोर्ड कंपनीने कॉन्सल गाडीत ती आणली आणि डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 बरोबर ती आपल्याकडे घरोघरी पोचली. स्वस्त, आटोपशीर आणि इंजिनाला जागा मोकळी ठेवणारी. मात्र यात एक मेख आहे. साधा शॉकअप फक्त उसळी आवरतो. स्ट्रट त्याशिवाय चाक उभे धरून ठेवतो आणि स्टेअरिंग फिरवले की स्वतःही फिरतो. त्यामुळे तो खिळखिळा झाला की बिघाड नुसत्या आरामाचा राहत नाही. चाकाचा कोन बदलतो, स्टेअरिंग एका बाजूला ओढते, टायर आतून किंवा बाहेरून खाल्ला जातो.

शॉकअप एका दिवसात जात नाही. ब्रेक फेल झाला तर लगेच कळते, टायर पंक्चर झाला तर कळते. शॉकअप महिनोन्महिने, किलोमीटरमागून किलोमीटर थोडाथोडा ढिला होतो आणि रोज तीच गाडी चालवणारा माणूस नकळत त्याला सरावतो. वळणावर जरा आधी वेग कमी करतो, पुलाचा सांधा आला की स्टेअरिंग घट्ट धरतो. विचारले तर म्हणेल, ‘गाडी एकदम ओके आहे.’ गडबड ओळखतो तो सहा महिन्यांनी ती गाडी हातात घेणारा मेहुणा. नाहीतर घाटात शेवटच्या सीटवर बसलेले पोर, आणि त्याला ‘गाडी लागते’ म्हणून लिंबू हुंगायला दिले जाते.

अलाइनमेंटच्या कुठल्याही दुकानात तासभर बसावे, हे सगळे डोळ्यांनी दिसते. एक सात सीटर टॅक्सी येते. वर कॅरिअर, मागे सीएनजीची टाकी. तक्रार ठरलेली: ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरते, बॅलन्सिंग करून द्या. कारागीर चाक मशीनवर चढवण्याआधी टायरच्या नक्षीवरून तळवा फिरवतो, आधी एका दिशेने, मग उलट. टायर बाजूने झिजलेला नसतो, मधूनही नसतो. दर काही बोटांवर एक खळगा, मग उंचवटा, मग पुन्हा खळगा, असे गोल भरून असते. चाक रस्त्यावर टेकून धावत नव्हते, टपटप उड्या मारत होते, याची ही सही. मग तो वाकून धुळीपासून जपणारी रबराची पिशवी वर सरकवतो आणि रॉडच्या मुळाशी बोट लावतो. बोटावर काळा चिखल येतो, तेल आणि धूळ मिळून झालेला. बोट चिंधीला पुसत तो म्हणतो, ‘शॉकअप गेलाय, वजनं लावून काय उपयोग?’ ड्रायव्हर म्हणतो, ‘आज बॅलन्सिंग करा, पुढच्या महिन्यात बघू.’ शिशाची दोन वजने रिमला ठोकली जातात आणि गाडी निघून जाते.

त्या कारागिराने निदानासाठी कसलेही यंत्र वापरले नाही. तळवा आणि बोट एवढ्यावर त्याने ते केले. आपल्या निरीक्षकांना हे जमणार नाही, असे मानायला काहीच कारण नाही.

एक खबरदारी मात्र हवी. रॉडपाशी नुसता ओलसर, तेलकट पट्टा दिसला म्हणून शॉकअप बाद करू नये. रॉड वरखाली होताना तेलाचा अगदी पातळ थर सीलबाहेर येतो, त्यावर धूळ बसते, हे चालते. तेल नळीवरून ओघळत खालपर्यंत आले असेल, पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा आले असेल, तर तो गेला. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची असते. तिच्या नियमावलीत शॉकअपची ‘गंभीर गळती’ हा नापास करण्याचा मुद्दा आहे. शब्द ‘गंभीर’ असा निवडला आहे, उगाच नाही. हा फरक निरीक्षकाला शिकवला नाही, तर चांगले शॉकअप बदलायला लावणारी नवी दुकानदारी उभी राहील.

दुसरी खबरदारी बॉनेट दाबून पाहण्याच्या जुन्या युक्तीबद्दल. गाडीच्या कोपऱ्यावर भार देऊन दाबायचे, सोडायचे आणि किती वेळा डुलते ते मोजायचे. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीन झोके घेतले तर शॉकअप गेला. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरच्या काळात ती बऱ्यापैकी चालायची. आजच्या गाड्यांच्या स्प्रिंगा ताठ, रबरी बुश घट्ट. हाताने दाबून शॉकअपची खरी परीक्षा होतच नाही. अगदीच मेलेला शॉकअप या युक्तीत सापडतो, अर्धमेला सुटतो. म्हणजे या परीक्षेत नापास झालेली गाडी नक्की नापास, पण पास झालेली गाडी पास म्हणता येत नाही.

अर्धमेल्याची ओळख रस्त्यावर पटते. गतिरोधक ओलांडल्यावर मागचा भाग एकदा खाली बसून थांबतो की होडीसारखा डुलत राहतो, हे पाहावे. ब्रेक लावल्यावर गाडी फारच नाक खुपसते का, सोडल्यावर मागे बसते का. खंबाटकी घाटाच्या उतारावर वळण घेताना अंग बाहेर टाकते आणि सरळ व्हायला वेळ लावते का. सगळ्यात बोलकी जागा म्हणजे वळणावर आलेला पुलाचा सांधा: चांगली गाडी तो ‘टक’ करून ओलांडते, थकलेली गाडी तिथे अर्धा हात बाजूला सरकते. रात्री समोरच्या झाडांवर आपल्याच दिव्यांचा झोत वरखाली होत असेल, तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो सारखा अपर-डिपर केल्यासारखा आदळत असतो आणि बिचारा तो दिव्यांनाच शिव्या घालत असतो.

आवाजावर मात्र फार विसंबू नये. छोट्या खड्ड्यात ‘खट्ट’ वाजते म्हणून लोक थेट शॉकअप बदलतात, आणि नवे शॉकअप घालूनही वाजते ते वाजतेच. कारण वाजत असतो तो लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश किंवा स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंटिंग. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण फिरवताना ‘टुंग’ असा स्प्रिंगचा आवाज आला तर संशय माउंटिंगच्या बेअरिंगवर घ्यावा. शॉकअप जाताना खूपदा एका शब्दानेही कुरकुरत नाही.

आणि गाडी बसलेली असेल, म्हणजे उभी असतानाच मागून खाली झुकलेली, तर दोष स्प्रिंगचा. सीएनजीची टाकी, सात प्रवासी, कॅरिअरवर बॅगा, स्प्रिंग थकणारच. यावर बाजारात एक इलाज मिळतो, स्प्रिंगच्या वेटोळ्यात अडकवायचा रबराचा बफर. गाडी दोन बोटे वर उचलली जाते, खाली आपटत नाही, मालक खूश. पण बफरने स्प्रिंग आणखी ताठ होते आणि तिला आवरायचे काम त्याच थकलेल्या शॉकअपवर पडते. दुसरा इलाज याहून वाईट. जुना शॉकअप उघडून, सील बदलून, तेल भरून, वर काळा रंग मारून ‘रिपेअर’ म्हणून विकायचा. आत झडपा कोणत्या अवस्थेत आहेत, भरलेले तेल किती पातळ आहे, डाव्या आणि उजव्याची ताकद सारखी आहे का, हे कुणीही सांगू शकत नाही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असा संसारही नको. शॉकअप जोडीने बदलायचे, सोबत माउंटिंग आणि बंप स्टॉपचे रबर पाहायचे, आणि स्ट्रट असेल तर नंतर अलाइनमेंट करायचेच. घरच्या घरी पाने घेऊन स्ट्रट उघडणाऱ्या हौशी लोकांसाठी एकच सांगणे: आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती योग्य शिकंज्यात पकडल्याशिवाय वरचा नट सोडला तर जिवावर बेतते.

महोदय, इथवर वाचून हा सगळा गॅरेजचा मामला आहे, त्यात परिवहन विभागाचे काय काम, असे वाटू शकते. म्हणून ब्रेकचा मुद्दा. टायर रस्त्याला टेकलेला असेल तेवढाच वेळ ब्रेक उपयोगाचा. खडबडीत रस्त्यावर मेलेल्या शॉकअपचे चाक क्षणभर हवेत असते, क्षणभर रस्त्यावर. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींत ब्रेक लावताना चाक अडकू न देणारे एबीएस सक्तीचे झाले. पण एबीएसच्या सेन्सरला चाक अडकल्याची चाहूल लागली की ते ब्रेक सोडते, आणि हवेत उडालेले चाक ब्रेक लागताच अडकते. म्हणजे यंत्रणा ज्या कामासाठी बसवली, तेच काम ती नीट करू शकत नाही. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे, त्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या जाहिरातीत थांबण्याचे अंतर इतके-इतके मीटर वाढते असे आकडे छापतात. ते त्यांच्या सोयीचे म्हणून बाजूला ठेवू. अंतर वाढते हे समजायला आकड्यांची गरज नाही.

आता कायद्याची बाजू. व्यावसायिक गाडीला योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर थेट 15 वर्षांनी. तोवर तिचे शॉकअप एकदा काय, दोनदा मरून झालेले असू शकतात आणि सरकारदरबारी त्याची गंधवार्ता नसते. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वयंचलित तपासणी केंद्रांची तरतूद आली, हे चांगले पाऊल आहे. अशा केंद्रांत सस्पेन्शन तपासण्याचे यंत्र बसवता येते. युरोपातल्या शॉकअप उत्पादकांच्या संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी युसामा पद्धत साधी आहे. चाक एका पाटावर उभे करायचे, पाट सहा मिलिमीटर इतका हलवायचा, सेकंदाला 25 वेळांपर्यंत वेग चढवायचा, मग हळूहळू थांबू द्यायचा. या हलण्यात चाकाचा पाटावरचा दाब कमीत कमी किती उरला, ते उभ्या गाडीच्या दाबाच्या टक्क्यांत मोजायचे. 60 टक्क्यांच्या वर उत्तम, 20 च्या खाली गेले तर शॉकअप संपला. डाव्या-उजव्या चाकातला फरकही तिथेच उघडा पडतो. गाडीच्या वजनाप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, त्यामुळे ही काही ब्रह्मवाक्ये नव्हेत. पण बॉनेट दाबण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

‘आधी खड्डे बुजवा, मग आमचे शॉकअप तपासा,’ असे कुणीही म्हणेल आणि ते चूक म्हणता येणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असावा, ताशी 25 किलोमीटरने गाडी सहज जावी असा. गावागावांत रातोरात उभे राहिलेले हातभर रुंदीचे उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात. खड्ड्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2013 मध्ये मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले, त्याचेच जनहित याचिकेत रूपांतर झाले आणि चांगले रस्ते हा नागरिकांचा हक्क आहे हे न्यायालयाने बजावले. तरी मुंबई-गोवा महामार्गावरून पावसाळ्यात गेलेल्या माणसाला विचारावे. रस्ते आपल्या खात्याकडे नाहीत, हेही ठाऊक आहे. पण रस्ता वाईट म्हणून गाडीची तपासणी सैल, हे गणित उलटे आहे. वाईट रस्त्याच्या राज्यात ती जास्त कडक हवी.

कडक म्हणजे दंडाची नव्हे. टॅक्सीवाल्याच्या खर्चाच्या यादीत आधी बँकेचा हप्ता, मग इंधन, विमा, टायर आणि उरले तर शॉकअप. छोट्या गाडीच्या पुढच्या जोडीलाही काही हजार रुपये जातात. पावती फाडण्याच्या भीतीने तो रंग मारलेला ‘रिपेअर’ माल बसवून मोकळा होईल आणि आपल्या कागदावर मात्र गाडी सुधारलेली दिसेल. त्यापेक्षा पहिल्या वेळी लेखी सूचना, महिन्याची मुदत आणि नव्या मालाचे बिल दाखवून फेरतपासणी, हा मार्ग धोपट असला तरी चालेल. गंमत म्हणजे या मालासाठी महाराष्ट्राला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. चाकण आणि नाशिकच्या कारखान्यांतून देशभर शॉकअप जातात.

सुरुवात सगळीकडे एकदम नको. शाळेच्या व्हॅन आणि बससाठी राज्याचे 2011 चे वेगळे नियम आहेत, तेव्हा पहिला मान मुलांचा. त्यानंतर पर्यटनाच्या सात सीटर टॅक्सी आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वडाप म्हणवल्या जाणाऱ्या प्रवासी जीप. खासगी गाड्यांवर आज सक्ती करता येत नसेल, तर पीयूसी केंद्रावर गळती आणि टायरवरचे खळगे पाहून एक चिठ्ठी देण्याची व्यवस्था तरी व्हावी, तीही ऐच्छिक. आणि जिथे सस्पेन्शनचे यंत्र चालते, तिथे चारही चाकांचे आकडे मालकाच्या हातातल्या कागदावर मराठीत छापले जावेत. नुसते ‘योग्य’ लिहून भागणार नाही. आकडा दिसला तर पुढच्या वर्षी तो किती घसरला हे मालक स्वतःच पाहील.

गणपतीसाठी मुंबई-पुण्याकडून कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागायच्या आधी, आठवडाभर तरी मुंबई-गोवा महामार्गावरच्या पळस्पे फाट्यावर टायर आणि शॉकअप तपासणीचे मोफत शिबिर घ्यावे, आणि या वर्षीच घ्यावे, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाहनधारक